तिळाची कुळकथा

मराठींत 'लांछन' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला साध्या खुणेचा. चंद्रावरील डागाला लांछन म्हणतात तें त्या अर्थानें. दुसरा कलंकाचा. निरुपद्रवी खुणेचा कलंक कसा होतो, हें माणसाच्या अंगावरील तिळाच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. गालावरील तीळ रूपाचा, तळहातावरील धनाचा आणि तळपायावरील प्रवासाचा, असें घरोघर कौतुकानें सांगितलें जातें. पण तान्ह्या मुलाच्या पाठीवर मोठा काळा डाग आढळला कीं सुईणीपासून सासूपर्यंत सर्वांची दृष्टि आईकडे वळते. ग्रहणांत तिनें विळी हातीं घेतली असावी, कांहीं तरी चिरलें असावें, असा तर्क निघतो आणि ती बिचारी मनांतल्या मनांत झुरत राहते. तीळ कोठून येतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा नाहीं. त्यांत एका निरपराध व्यक्तीला न्याय देण्याचाहि प्रश्न आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत क्षुद्ररोगांचा एक अध्याय आहे. कातडीच्या पातळींत असणारा, न दुखणारा, तिळाएवढा काळा डाग त्यांत 'तिलकालक' या नांवानें येतो. उडदासारखा उंचवटा असणारा तो 'मषक'. आणि जन्मतःच असणाऱ्या डागाला 'जतुमणि' म्हटलें आहे. जतु म्हणजे लाख. मराठींतील 'तीळ' आणि 'मस' हे शब्द याच परंपरेंतील होत. वात, पित्त, कफ व रक्त यांच्या विकारांनीं हे डाग होतात, अशी त्या काळची उपपत्ति होती. ती आज टिकत नाहीं. परंतु जन्मजात डाग निराळा आणि मागाहून उठणारा तीळ निराळा, हा भेद आजहि मान्य आहे, आणि त्या वर्णनांत आईवर कोठेंहि ठपका नाहीं. पुढें सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत अंगावरील पुळ्यांच्या जागांवरून शुभाशुभ फळें सांगणारा एक अध्याय घातला. तीळ कसा होतो हा वैद्याचा प्रश्न लोकांच्या तोंडीं राहिला नाहीं. तो कोठें आहे व त्याचें फळ काय, हा सामुद्रिकाचा प्रश्न मात्र राहिला.

अशा समजुती एकट्या या देशाच्याच नव्हत. जर्मन भाषेंत अशा डागाला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'आईची खूण' असा होतो. फ्रेंच भाषेंतील शब्दाचा अर्थ 'इच्छा', म्हणजे जवळजवळ डोहाळाच. गरोदरपणीं एखादें फळ खावेंसें वाटलें व तें मिळालें नाहीं, तर त्याची आकृति मुलाच्या अंगावर उमटते, असें तिकडे मानीत असत. लंडनमधील डॉ. जेम्स ब्लाँडेल यांनीं १७२७ मध्यें एक पुस्तिका लिहून, आईच्या कल्पनेचा असा ठसा गर्भावर उमटूं शकत नाहीं, असें आग्रहानें प्रतिपादिलें. परंतु डाग आईच्या मनांतून येत नाहीं, तर येतो कोठून, हें सांगण्याचें साधन तेव्हां कोणापाशींच नव्हतें.

तें साधन आनुवंशिकशास्त्रानें दिलें. ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यावरील निबंध १८६६ मध्यें प्रसिद्ध झाला व १९०० मध्यें पुन्हां उजेडांत आला. १९०३ मध्यें डेन्मार्कचे विल्हेल्म योहान्सेन यांनीं घेवड्याच्या शुद्ध वाणांवर प्रयोग करून दाखविलें कीं, बियांत उतरणारा भेद वेगळा आणि त्या एका झाडापुरता असणारा भेद वेगळा. निवडीचा उपयोग पहिल्याच्या बाबतींत होतो, दुसऱ्याच्या बाबतींत होत नाहीं. 'जीन' म्हणजे जनुक हा शब्दहि १९०९ मध्यें त्यांनींच रूढ केला.

हें तत्त्व सोलापूर जिल्ह्याच्या मातींत फळास आलेलें आहे. मोहोळ येथें १९३० च्या दशकांत स्थानिक मालदांडी ज्वारींतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हें वाण काढण्यांत आलें, आणि रब्बीच्या शाळूंत त्याचें नांव आजहि घेतलें जातें. मोत्यासारखा टपोरा पांढरा दाणा आणि पाऊस सरल्यावर काळ्या जमिनींतील ओलीवर वाढण्याची चिकाटी हे गुण बियांतून उतरणारे होते, म्हणूनच ती निवड सफळ झाली. गारांच्या माऱ्यानें एखाद्या ताटावर पडलेला डाग पुढील सालच्या पिकांत कोणी शोधीत नाहीं.

मग माणसाचा तीळ यांपैकीं कोणत्या प्रकारचा? मालदांडीच्या दाण्यासारखा वंशांत उतरणारा, कीं गारेच्या डागासारखा उपरा?

जर्मनींतील त्वचारोगतज्ज्ञ हेर्मान वेर्नर सीमेन्स यांनीं १९२४ मध्यें हा प्रश्न मोठ्या युक्तीनें हाताळला. जुळीं दोन प्रकारचीं असतात. एकाच फलित अंड्याचे दोन भाग होऊन जन्मणारीं तीं एकरूप जुळीं. दोन निराळ्या अंड्यांपासून जन्मणाऱ्या जुळ्यांत साध्या भावंडांइतकेंच साम्य असतें. सीमेन्स यांनीं दोन्ही प्रकारच्या जुळ्यांच्या अंगावरील तीळ मोजून तुलना केली. एकरूप जुळ्यांत तिळांच्या संख्येचें साम्य अधिक आढळलें. आज आनुवंशिकतेच्या अभ्यासांत सर्वत्र वापरली जाणारी जुळ्यांच्या तुलनेची पद्धत अशा रीतीनें तिळांच्या मोजणींतून पुढें आली. १९९९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत बारा वर्षांच्या जुळ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानें हीच गोष्ट अधिक ठामपणें दाखविली. तरी एक कोडें राहतेंच. एकरूप जुळ्यांत तिळांची संख्या जुळते. जागा मात्र जुळत नाहींत. एकीच्या डाव्या गालावर तीळ असला, तर दुसरीच्या त्याच ठिकाणीं तो असेलच असें नाहीं. बीज एकच असतां खुणा वेगळ्या कां?

याचें उत्तर समजण्यासाठीं याच जिल्ह्यांतील द्राक्षाच्या बागेंत डोकावणें सोईचें होईल. नान्नज येथील नानासाहेब काळे यांनीं १९८० च्या सुमारास 'थॉम्पसन सीडलेस' द्राक्षांत आपोआप घडलेल्या बदलांतून लांबट मण्यांची एक नवी जात निवडली. सोलापूर, नान्नज आणि काळे या तीन नांवांचीं आद्याक्षरें जुळवून तिला 'सोनाका' हें नांव मिळालें. बीच नसलेल्या द्राक्षांत असा बदल बियांतून आलेला नसतो. वाढत्या वेलीच्या एखाद्या डोळ्यांत, एका पेशीच्या जनुकांत फरक पडतो. त्या पेशीपासून झालेली फांदी तेवढी वेगळी होते आणि बाकीची वेल पूर्वीसारखीच राहते. माळी त्या फांदीचीं कलमें करून नवी जात वाढवितो. माणसाच्या शरीरांत तिळाच्या जागीं अगदीं याच जातीची घटना घडते. माणसाचें कलम होत नाहीं, म्हणून ती त्या देहाबरोबरच संपते.

कातडीला रंग देणाऱ्या पेशी कातडींत मूळच्या नसतात. गर्भांत मज्जारज्जु तयार होत असतां त्याच्या कांठावरून त्या निघतात आणि प्रवास करीत कातडींत येऊन स्थिरावतात. उंदरांच्या बाबतींत हें अमेरिकेंतील मेरी रॉल्स यांनीं १९४७ मध्यें प्रयोगानें दाखविलें. २००२ मध्यें इंग्लंडांतील केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेंतील संशोधकांना याच पेशींपासून होणाऱ्या मेलानोमा या घातक कर्करोगांत 'बी-राफ' नांवाच्या जनुकाचा बदल वारंवार आढळला. हें जनुक सातव्या गुणसूत्रावर असून, पेशीला वाढण्याची आज्ञा पोंचविणाऱ्या साखळीचा तें एक दुवा आहे. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेंतील संशोधकांनीं साधे, निरुपद्रवी तीळ तपासले, तों ७७ पैकीं ६३ तिळांत बी-राफचा बदल निघाला. बहुतेक वेळां हा बदल एका अक्षराचा असतो. त्यामुळें प्रथिनाच्या साखळींत ६०० व्या स्थानीं व्हॅलीनऐवजीं ग्लुटामिक आम्ल येतें आणि वाढीची आज्ञा बंद न होतां चालूच राहते. ती एक पेशी दुणावत जाते, तिच्या संततीचें मोहोळ कातडींत जमतें, आणि आरशांत तीळ दिसूं लागतो.

तर मग प्रत्येक तिळाचा कर्करोग कां होत नाहीं? कारण तीळ वाढतो आणि थांबतो. २००५ मध्यें ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, बदललेली पेशी कांहीं काळ वाढल्यावर विभागणी थांबविते. 'पी-सोळा' नांवाचें प्रथिन हा लगाम खेंचणाऱ्यांपैकीं एक असून, याखेरीज आणखीहि बंधनें असल्याचें पुढील संशोधनांत दिसून आलें आहे. कर्करोग होण्यास एकामागून एक अशीं अनेक बंधनें तुटावीं लागतात. त्या दृष्टीनें पाहतां साधा तीळ म्हणजे शरीरानें वेळींच आवरलेल्या वाढीची खूण होय.

राहिला जन्मजात मोठा डाग, ज्याच्यासाठीं आईला दोष दिला जातो. अशा डागांत बहुधा 'एन-रास' नांवाच्या दुसऱ्या जनुकाचा बदल असतो. लंडन येथील मुलांच्या रुग्णालयांतील व्हेरोनिका किन्स्लर व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ मध्यें, अंगावर असे अनेक डाग असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका मुलाच्या निरनिराळ्या डागांत तोच एक बदल होता. रक्तांत मात्र तो नव्हता. याचा अर्थ उघड आहे. गर्भधारणा होऊन गेल्यावर, वाढत्या गर्भाच्या एका पेशींत ही चूक झाली आणि तिच्या वंशजांनीं ती कातडीच्या निरनिराळ्या भागांत नेली. ती आईच्या बीजांतून आली नाहीं, बापाच्याहि नाहीं. ग्रहणाचा व विळीचा तर तिच्याशीं कांहींच संबंध नाहीं. पेशी दुणावतांना तिला आपला सारा लेख उतरून काढावा लागतो. कोट्यवधि वेळां उतरलेल्या लेखांत क्वचित् एखादें अक्षर चुकतें, एवढीच ती गोष्ट.

अर्थात् वंशाचा तिळाशीं कांहींच संबंध नाहीं असेंहि नाहीं. तीळ वारशानें मिळत नाहीं. तीळ उठण्याची प्रवृत्ति मिळते. २००९ मध्यें नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांवर तिळांच्या संख्येशीं निगडित असे भाग सांपडले. त्या प्रवृत्तींत बालपणींच्या उन्हाची भर पडते. गोऱ्या कातडीवर तर ती विशेष दिसते. किती तीळ उठावयाचे, यांत घराण्याचा मोठा हात असतो. कोणता तीळ कोठें उठावयाचा, हें मात्र त्या त्या पेशीच्या नशिबावर राहतें. जुळ्यांचें कोडें येथें सुटतें, आणि तिळाच्या जागेवरून भविष्य सांगणाऱ्या शास्त्राचा आधारहि येथेंच सुटतो.

या ज्ञानाचा व्यवहारांतील उपयोग थोडका पण महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षें आहे तसा राहिलेला तीळ निश्चिंतपणें राहूं द्यावा. परंतु एखादा तीळ वाढूं लागला, त्याचा कांठ वेडावांकडा झाला, रंग पालटला, खाज सुटली किंवा रक्त येऊं लागलें, तर विलंब करूं नये. सांवळ्या माणसांत तळपाय व नखांखालची जागा यांकडे विशेष लक्ष असावें. कारण मेलानोमा त्यांच्यांत विरळा असला तरी झाला तर बहुधा तेथेंच होतो, आणि तेथें तो उशिरा ध्यानांत येतो. तीळ टोंचणें, जाळणें किंवा चुना लावून काढणें हे घरगुती उपाय तर मुळींच करूं नयेत. तान्ह्या मुलाच्या अंगावरील मोठा डाग डॉक्टरला अवश्य दाखवावा. त्याच्या आईला मात्र त्याबद्दल कोणीहि जाब विचारूं नये.