एका शिवणकारणीचे भाकीत : ‘जी कुटुंबा’ची शंभर वर्षे

१/ इ. स. १८९५. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ॲन आर्बर. तेथील विद्यापीठात विकृतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणारी एक स्त्री नेहमी खिन्न दिसे. कारण विचारता ती म्हणाली, घरातले बहुतेक जण गर्भाशयाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगाने गेले. आपलेही तेच होणार. पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानेच ती अकाली गेली.

२/ वॉर्थिन यांनी हे बोलणे वेडगळ म्हणून सोडून दिले नाही. जर्मनीतून आलेल्या त्या घराण्याची वंशावळ त्यांनी मांडली आणि १९१३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. घराण्याला ओळख मिळाली एका अक्षराची : ‘जी’.

३/ निबंध फारसा रुजला नाही. कर्करोग आनुवंशिक असू शकतो, हे बहुसंख्य वैद्यांना पटत नव्हते. स्वतः वॉर्थिन सुप्रजननवादाकडे झुकलेले होते, हेही नोंदवले पाहिजे. १९३१ मध्ये ते वारले आणि कागद कपाटात पडून राहिले.

४/ १९६० च्या दशकाचा आरंभ, नेब्रास्कातील ओमाहा. दारूच्या व्यसनाने रुग्णालयात आलेला एक माणूस सांगत होता : घरातले सारे आतड्याच्या कर्करोगाने मरतात, मीही मरणार, म्हणून पितो. हेन्री लिंच या तरुण डॉक्टरने ते मनावर घेतले. समाजसेविका ॲन क्रश यांच्यासह त्यांनी नातेवाइकांचा माग काढला, मृत्यूच्या नोंदी पडताळल्या. १९६६ मध्ये नेब्रास्का आणि मिशिगन येथील दोन घराण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

५/ तो पाहून मिशिगन विद्यापीठातून वॉर्थिन यांची जुनी कागदपत्रे लिंच यांच्या हाती आली. १९७१ मध्ये ‘जी’ घराण्याचा पंचाहत्तर वर्षांचा वृत्तान्त पुन्हा मांडला गेला. तरीही शंका सरली नाही. एका घरात राहणारे एकच अन्न खातात, मग दोष रक्ताचाच कशावरून? आक्षेप रास्त होता. केवळ वंशावळीने तो खोडता येत नव्हता.

६/ उत्तर १९९३-९४ मध्ये मिळाले. पेशी दुभंगताना डीएनएची प्रत निघते, तीत चुका होतात. त्या दुरुस्त करणारी जनुके असतात. एमएसएच२ आणि एमएलएच१ ही त्यांपैकी दोन. अशा जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असेल आणि आतड्याच्या एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली, तर चुका साचत जातात आणि कर्करोगाचा मार्ग मोकळा होतो. सदोष प्रत प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी.

७/ २००० मध्ये ‘जी’ घराण्यातील दोष एमएसएच२ जनुकात सापडला. शिवणकारणीच्या बोलण्याला एकशे पाच वर्षांनी रासायनिक पुरावा मिळाला.

८/ या विकाराला आज ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण तिघांत तो आढळतो. दोष असला म्हणजे रोग होतोच असे नाही. जोखीम मात्र पुष्कळ वाढते. नियमित कोलोनोस्कोपीने ती निम्म्याहून अधिक घटते, हे फिनलंडमधील कुटुंबांच्या दीर्घ अभ्यासात दिसले.

९/ शिवणकारणीला जो ललाटलेख वाटला, तो तिच्या वंशजांना आता तपासणीची तारीख ठरवण्यासाठी वाचता येतो. आणि या साऱ्या शोधाचे पहिले साधन होते घरातल्या मृत्यूंची तोंडी आठवण. आपल्याकडे आजी-आजोबा कशाने गेले, हे पुष्कळ घरांत ‘पोटाचे दुखणे’ एवढ्यावरच संपते. ते विचारून लिहून ठेवणे, हेही इतिहासलेखनच.