साडेतीन टक्क्यांची गोष्ट

२०२५ साली अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं आणि एरवी अप्रेजल आणि ईएमआयपलीकडे न बोलणारे लोकसुद्धा एकदम व्यापार धोरणावर बोलायला लागले. चांगलंच आहे. पण ५० टक्के हा आकडा मोठा, तो डोळ्यांत भरतो. आपल्याच इतिहासातला एक आकडा अगदी किरकोळ वाटतो, आणि तरी तो जवळजवळ तीस वर्षं मुंबईच्या गिरण्यांच्या मानगुटीवर बसला होता. साडेतीन टक्के! ही त्याची गोष्ट.

थोडं मागे जाऊ. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढायचं ठरवलं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्या वाढत गेल्या. १८७७ मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तेव्हा इंग्लंडहून येणाऱ्या कापडावर हिंदुस्थान सरकार ५ टक्के आयात कर घेत असे. हा कर काही आपल्या गिरण्यांच्या प्रेमापोटी नव्हता, सरकारला पैसे हवे होते इतकंच. पण मँचेस्टरच्या गिरणीमालकांना तेवढंही खुपायला लागलं. १८७७ साली ब्रिटिश पार्लमेंटने ठरावच केला की हा कर म्हणजे देशी मालाला संरक्षण आहे, सबब आर्थिक परिस्थिती सुधारली की तो लवकरात लवकर काढा.

परिस्थिती कशी होती? १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ नुकता संपलेला आणि अफगाण युद्ध चालू. तरी १८७९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने स्वतःच्याच कौन्सिलमधल्या बहुमताला डावलून जाड्याभरड्या कापडावरचा कर काढून टाकला. १८८२ मध्ये मीठ, दारू असे अपवाद वगळता बहुतेक सगळेच आयात कर गेले. खुला व्यापार म्हणतात तो हाच.

मग रुपया घसरला. तेव्हाचा रुपया चांदीचा आणि पौंड सोन्याचा. जगभर चांदीचा भाव पडला तसा रुपयाही पडला. १८७० च्या सुमारास एका रुपयाला जवळपास २ शिलिंग म्हणजे २४ पेन्स मिळत, १८९४ पर्यंत ते १३ पेन्सच्या आसपास आलं. हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये पेन्शनी, व्याज वगैरे खर्च पौंडात भागवावे लागत. म्हणजे बघा, पगार रुपयांत आणि होमलोन डॉलरमध्ये! तिजोरीला भोक पडलं. मार्च १८९४ मध्ये सरकारने निमूटपणे ५ टक्के आयात कर पुन्हा लावला, जवळजवळ सगळ्या मालावर... फक्त सुती माल सोडून. सगळ्यात जास्त जो माल येतो तोच नेमका वगळला.

तेवढ्याने भागेना. डिसेंबर १८९४ मध्ये सुती मालावरही कर आला, पण अट घालून. हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या २० काउंटच्या वरच्या सुतावरही तेवढाच एक्साइज. (काउंट म्हणजे सुताचा बारीकपणा, आकडा मोठा तितकं सूत बारीक.) मँचेस्टर यावरही खूश नव्हतं. शेवटी फेब्रुवारी १८९६ मध्ये अंतिम फॉर्म्युला निघाला. परदेशी कापडावर आयात कर साडेतीन टक्के, सूत करमुक्त, आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांत विणलेल्या सगळ्या कापडावर एक्साइज साडेतीन टक्के. हातमाग तेवढे सुटले.

आता हे कागदावर वाचलं तर अगदी फेअर वाटतं. तुम्हालाही साडेतीन, आम्हालाही साडेतीन. भांडण कशाला?

भांडण असं, की दोघांचा माल एक नव्हताच. मुंबईच्या गिरण्या मुख्यतः २० काउंटच्या खालचं जाडं सूत आणि त्याचं भरडं कापड काढत. लँकेशायरचा जोर बारीक कापडावर. जाडंभरडं धोतर नेसणारा शेतकरी आणि तलम मलमल घेणारा शहरातला माणूस ही गिऱ्हाइकंच वेगळी. १८९६ च्या कायद्याने तलम विलायती कापडावरचा कर पाचावरून साडेतीनवर आला, आणि भरड्या देशी कापडावर, जिथे आदल्या वर्षी शून्य कर होता, तिथे साडेतीन टक्के बसला. सरकारचं उत्पन्नही घटलं. म्हणजे श्रीमंताचं कापड स्वस्त, गरिबाचं महाग, आणि याला नाव काय तर समतोल.

इथे एक गंमत आहे. जीएसटी येण्याआधी, म्हणजे २०१७ पर्यंत, ज्यांनी कधी परदेशातून सर्व्हर किंवा राउटर मागवला असेल त्यांना 'सीव्हीडी' हा शब्द आठवेल. काउंटरव्हेलिंग ड्युटी. देशी मालाला जेवढा एक्साइज, तेवढाच जादा कर आयात मालाला, म्हणजे देशी कारखानदाराचं नुकसान नको. १८९६ चा एक्साइजही काउंटरव्हेलिंगच म्हणवत असे. फक्त दिशा बरोब्बर उलटी! आयात मालावर कर आहे ना, मग परदेशी कारखानदाराचं नुकसान नको म्हणून देशी मालावर तेवढाच कर. लॉजिक तेच, व्हेरिएबल्सची अदलाबदल.

याविरुद्ध मुंबई-पुण्यात रान उठलं. टिळकांनी विलायती कापडावर बहिष्काराची मोहीम काढली, आणि पुण्यात विद्यार्थ्यांनी परदेशी कापडाची जाहीर होळी केली. बंगालच्या फाळणीनंतरची स्वदेशी चळवळ १९०५ ची, ही त्याच्या नऊ वर्षं आधीची गोष्ट.

कुणी म्हणेल, सरकार बिचारं तत्त्वाचं पक्कं होतं, खुला व्यापार म्हणजे खुला व्यापार. तर मग साखरेचं ऐका. त्या काळी जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी आपल्या बीटाच्या साखरेला निर्यातीसाठी सबसिडी देत. त्यामुळे ती साखर हिंदुस्थानात फार स्वस्त पडे. याचा फटका इथल्या ऊस उत्पादकांना बसत होता, पण मॉरिशसच्या मळेवाल्यांनाही बसत होता, आणि मॉरिशस ब्रिटिशांची वसाहत. (जुनी माणसं पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणत, तो शब्द या मॉरिशसवरूनच आलेला.) १८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने कायदा केला, ज्या साखरेला तिचं सरकार जितकी सबसिडी देतं तितकाच जादा कर तिच्यावर. परकीय सबसिडीविरुद्ध कर लावणारे जगातले जे अगदी सुरुवातीचे कायदे, त्यांतला हा एक. पुढे १९०२ च्या ब्रसेल्स करारात युरोपीय देशांनी या सबसिड्या बंद करायचं मान्य केलं.

साखरेचा कायदा चुकीचा होता असं मला वाटत नाही. आजही जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत हेच तत्त्व आहे. प्रश्न एवढाच की तीन वर्षांपूर्वी ज्या सरकारला देशी गिरण्यांना साडेतीन टक्क्यांची सवलत म्हणजे पाप वाटत होतं, त्यालाच साखरेच्या बाबतीत संरक्षण इतक्या सहज कसं सुचलं? उत्तर सोपं आहे. समोर मँचेस्टर नव्हतं, हँबर्ग होतं.

गिरण्यांचा एक्साइज मात्र टिकला. १९१७ मध्ये महायुद्धासाठी हिंदुस्थानने ब्रिटनला १० कोटी पौंड दिले, तेव्हा कुठे आयात कर साडेसात टक्के करायची मुभा मिळाली. एक्साइज साडेतीनवर तसाच. १९२५ साली मंदी आली आणि मुंबईच्या मालकांनी कामगारांची मजुरी साडेअकरा टक्क्यांनी कापायची ठरवली. दीड लाखाहून जास्त कामगार संपावर गेले. मालकांचं म्हणणं, सरकारने एक्साइज काढला तर मजुरी कापणार नाही. म्हणजे मँचेस्टर आणि दिल्लीच्या भांडणात गिरणगावातल्या चुली अडीच महिने थंड. १ डिसेंबर १९२५ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने वटहुकूम काढून एक्साइज स्थगित केला, कपात मागे घेतली गेली, संप मिटला. १९२६ मध्ये तो कायद्यातूनही गेला.

असो. टॅरिफची बातमी आली की आपण पहिल्यांदा टक्केवारी बघतो. मला वाटतं, टक्केवारी नंतर बघावी. आधी बघावं की 'सारखं' म्हणताना कुणाला कुणासारखं धरलंय, आणि ते कुणी ठरवलंय. १८९६ साली ते मुंबईत ठरलं नव्हतं, आणि ज्याच्या धोतरावर कर बसला त्याला तर कुणी विचारलंच नव्हतं.