रिकामे काडतूस

१८७२ साली आगगाडी कॅन्ससमधील डॉज सिटीस पोहोचली आणि बायसनांच्या कातड्यांचा व्यापार भरभराटीस आला. शिकाऱ्यांस तयार काडतुसे महाग पडत. म्हणून झाडलेल्या काडतुसांची पितळी कवचे जपून ठेवून ते तळावर त्यांत नवी टोपी, दारू व शिशाची गोळी स्वहस्ते बसवीत. एकच कवच अनेक जीव घेई. १८८४ साली जॉन बार्लो यांच्या आयडियल कारखान्याने या कामासाठी सांडशीसारखे सुटसुटीत हत्यार विक्रीस आणले. परंतु त्यापूर्वीच, १८८३ च्या सुमारास, उत्तरेकडील अखेरचा मोठा कळप नष्ट झाला होता. १८८९ मध्ये हॉर्नाडे यांच्या गणतीत अवघे १०९१ बायसन उरले. मोडलेले हत्यार दुरुस्त होते, न झाल्यास नवे घेता येते. नामशेष होऊ लागलेल्या प्राण्याच्या बाबतीत मात्र ही सोय निसर्गाने ठेवलेली नाही.