पडद्यावरचं वेड आणि घरातला आजार

रे रोड स्टेशनवरून बंदराच्या बाजूला उतरलं की गोदामं लागतात आणि पुढे दारूखाना. जुनी जहाजं तोडण्याचं काम या भागात पिढ्यान् पिढ्या चालत आलं. याच वस्तीत मीरा दातार यांच्या नावाचा दर्गा आहे. मूळ दर्गा गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातल्या उनाव्याला. ज्याच्या अंगात काही शिरलंय अशी घरच्यांची समजूत होते, त्याला इथं आणायची रीत आहे. येणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात. लहानपणी गुरुवारी तिथं केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्या घुमण्याला 'हाजरी' म्हणतात.

'वेड' पाहायची माझी दुसरी जागा म्हणजे दूरदर्शन. आमच्या चाळीत एकच संच होता आणि रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा बघायला सगळा मजला त्या खोलीत जमायचा. तिसरी जागा मात्र आमचं स्वतःचं घर.

माझे धाकटे मामू दारूखान्यात कामाला होते. मी तेरा-चौदा वर्षांचा असताना त्यांना आवाज ऐकू यायला लागले. तोडायला आणलेल्या जहाजाच्या पोटातून कुणी तरी आपलं नाव घेऊन बोलावतं, असं ते सांगत. मग कामावर जाणं सुटलं, अंघोळ सुटली, रात्रीची झोप गेली. नानी त्यांना दर्ग्यावर घेऊन गेली. शेजारी दबक्या आवाजात 'ठाण्याला न्या' म्हणू लागले. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि मुंबईकराच्या तोंडी त्या गावाचं नाव तेव्हापासून असं चिकटलेलं. शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, लग्न लावून देऊ, ठिकाणावर येईल. हा तर्क त्यांनी कुठून आणला, याचा शोध मी पुढे बरीच वर्षं घेत राहिलो. सगळा दोष सिनेमाला देणं अन्यायाचं होईल. ही समजूत सिनेमापेक्षा जुनी आहे. पण तिला चेहरा, गाणी आणि गोड शेवट दिला तो सिनेमानंच.

आपली भाषाच बघा. 'वेडा कुठला' हे आईनं म्हटलं तर माया, शेजाऱ्यानं म्हटलं तर शिवी. वेड पांघरून आपण पेडगावला जातो, म्हणजे वेड हे मुळात सोंग. रंगभूमीवरही ते बराच काळ सोंग म्हणूनच वावरलं. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट' मराठीत आणलं 'विकारविलसित' या नावानं. त्याचा नायक वेडाचं सोंग घेतो आणि त्याच नाटकातली ऑफेलिया खरोखर भ्रमिष्ट होते. लोकांच्या लक्षात राहिला तो सोंग घेणारा. वसंत कानेटकरांचं 'वेड्याचं घर उन्हात' १९५७ साली आलं तेव्हा मनाच्या दुखण्याकडे मराठी नाटक जरा आत डोकावून पाहू लागलं.

हिंदी सिनेमानं या विषयाला खरा हात घातला तो साठीच्या दशकाच्या अखेरीस. 'रात और दिन' (१९६७) मध्ये नर्गिस दिवसा घरंदाज सून असते आणि रात्री दुसऱ्याच नावानं क्लबात जाते. त्या भूमिकेसाठी तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काम अप्रतिमच होतं. पण एकाच देहात दोन माणसं, हीच मनोविकाराची ओळख या धर्तीच्या चित्रपटांनी करून दिली. भर पडली ती शब्दाची. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द स्विस डॉक्टर ब्लॉयलर यांनी १९०८ साली वापरात आणला. त्याचा शब्दशः अर्थ दुभंगलेलं मन, म्हणून मराठीत 'छिन्नमनस्कता'. ऐकणाऱ्याला वाटतं, दोन माणसं. वास्तविक या आजारात व्यक्तिमत्त्व दोन होत नाही. विचार, भावना आणि वास्तवाचं भान यांची सांगड सुटते. भास होतात, संशय बळावतो. मामूंचं हेच झालं होतं. पण ते कधी दुसरं नाव घेऊन बोलले नाहीत, म्हणून आमच्या घराला तो आजारच वाटला नाही.

मग १९७० च्या सुमारास तीन चित्रपट पाठोपाठ आले: 'खामोशी', 'खिलौना' आणि 'पगला कहीं का'. 'खिलौना'त संजीवकुमार शायर आहे. प्रेयसीच्या मृत्यूच्या धक्क्यानं तो भ्रमिष्ट होतो. घरचे लोक पैसे देऊन एका तवायफेला, म्हणजे मुमताजला, त्याची बायको म्हणून घरात आणतात. तिच्या सहवासात तो निवळत जातो, आणि शेवटी आणखी एका धक्क्यानं पूर्ण शुद्धीवर येतो. 'खामोशी'त प्रेमभंग झालेल्या रुग्णांना बरं करण्यासाठी नर्स वहिदा रेहमाननं प्रेमाचं नाटक करायचं असतं. या चित्रपटांतलं गणित एकच: धक्क्यानं वेड लागतं, प्रेमानं किंवा दुसऱ्या धक्क्यानं जातं. विजेचे झटके येतात ते शिक्षेसारखे. औषधाची गोळी मात्र कथेत कुठं महत्त्वाची ठरत नाही.

इथं एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्लोरप्रोमाझिन हे या आजारावरचं पहिलं परिणामकारक औषध पॅरिसमध्ये १९५२ साली वापरलं गेलं. म्हणजे 'खिलौना' पडद्यावर आला तेव्हा औषध निघून अठरा वर्षं झाली होती. आमच्या मामूंचं लग्न ठरलं तेव्हा तीस वर्षं उलटून गेली होती.

या गणिताची किंमत कोण मोजतं, हे मात्र त्या चित्रपटांनीच दाखवून ठेवलं आहे. 'खिलौना'तली चांद ज्याला सांभाळते तोच तिच्यावर अत्याचार करतो आणि शुद्धीवर आल्यावर तिला ओळखतही नाही. 'खामोशी'तली राधा अखेर स्वतःच त्या खोलीत जाते. पण प्रेक्षक घरी जाताना बरा झालेला नायक घेऊन जातो. आमच्या घरी कोकणातल्या गावाहून एकोणीस वर्षांची मुलगी सून म्हणून आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मुलगा 'जरा हळवा आहे' एवढंच. आणि हे वाक्य बोलणाऱ्यांत मीही होतो. पाहुण्यांसमोर मला तसं पढवलं होतं आणि ते मी चोख म्हटलं. लग्नानं मामू बरे झाले नाहीत. चार वर्षांनी त्यांना एका इस्पितळात नेलं आणि औषध सुरू झालं. तिथंही आजाराचं नाव कुणी मामीला सांगितलं नाही. औषधानं आवाज हळूहळू दूर गेले. मधली चार वर्षं मामीच्या वाट्याला आली.

मराठीत हे गणित बदललं ते 'देवराई'नं, २००४ साली. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले, मूळ धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या घरातच हा आजार आला होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि त्यांच्याच पुढाकारानं सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी हा चित्रपट केला. अतुल कुलकर्णीचा शेष देवराईच्या ध्यासात हरवत जातो. त्याची बहीण, सोनाली कुलकर्णी, हे ओझं संसारासकट उचलते. इथं चुटकीसरशी काही होत नाही. गंमत अशी, की या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण रक्षणाच्या विभागात.

सीडी आणून मी तो मामीबरोबर पाहिला. मामू आतल्या खोलीत झोपले होते. संपल्यावर मामी म्हणाली, "त्या बहिणीला डॉक्टरनं आजाराचं नाव तरी सांगितलं. मला निकाहाच्या आधी कुणी काय सांगितलं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सांगायला हवं होतं त्यांत मी होतो, एवढंच मी म्हणू शकलो.

पुढे याच जोडीनं स्मृतिभ्रंशावर 'अस्तु' केला आणि नैराश्यावर 'कासव'. दोन्हींत स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे होते. 'कासव'ला २०१६ सालचं सुवर्णकमळ मिळालं. त्यात जीव द्यायला निघालेल्या मुलाला एक बाई घरी आणते. नाव विचारत नाही, उपदेश करत नाही. दैनंदिन मालिका मात्र अजून जुन्या गणितातच आहेत. अपघात झाला की स्मृती जाते, आणि खलनायिकेला शेवटी वेड लागतं, म्हणजे आजार ही शिक्षा. त्या घराघरांत रोज पाहिल्या जातात, 'कासव' किती घरांत पोचला?

कायदा पुढे गेला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ साली लागू झाला. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचे उपचार करायला त्यानं मनाई केली, रुग्णाला साखळीनं बांधायलाही. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळ्यांत बांधलेली २८ माणसं आगीत जळून मेली, त्यानंतर इतक्या वर्षांनी. उनाव्याच्या दर्ग्यावर २००८ पासून 'दवा आणि दुआ' असा उपक्रम सुरू झाला. मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवतो. नानीला असा मुजावर भेटला असता, तर तिनं त्याचं नक्की ऐकलं असतं.

मामू २०११ साली गेले. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतली एक बाई मामीकडे आली. तिच्या मुलाला भास होतात. तिनं विचारलं, "लग्न करून दिलं तर बरा होईल ना?" मामीनं तिला बसवलं, चहा दिला. मग कपाटातून मामूंचा गोळ्यांचा जुना डबा काढून समोर ठेवला आणि म्हणाली, "आधी हे. आणि मुलगी बघाल तेव्हा तिला हे दाखवा."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)