कम्युनिटी बोटिंग नौकागृह, बॉस्टन

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या बॉस्टन शहरात चार्ल्स नदीच्या काठी असलेले सार्वजनिक नौकागृह. एस्प्लनेड या नदीकाठच्या उद्यानात, लाँगफेलो पूल आणि हॅच शेल हा खुला रंगमंच यांच्या दरम्यान ते उभे आहे. बांधकाम १९४१ चे. येथील शिडाच्या होड्यांचा उपक्रम देशातील सर्वांत जुना अखंड चालू असलेला सार्वजनिक उपक्रम मानला जातो.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चार्ल्स ही बॉस्टनमध्ये भरती-ओहोटीची खाडीच होती. ओहोटीला चिखल उघडा पडे आणि सांडपाण्याची दुर्गंधी सुटे. बँकर जेम्स स्टॉरो यांनी पुढाकार घेऊन मुखाशी धरण बांधण्याचा आग्रह धरला. १९१० मध्ये ते पूर्ण झाले आणि वॉटरटाउनपर्यंत सुमारे १४ किमी लांबीचा गोड्या पाण्याचा शांत जलाशय तयार झाला. स्टॉरो यांच्या निधनानंतर पत्नी हेलन यांनी काठाच्या विस्तारासाठी १० लाख डॉलर दिले. भूदृश्यरचनाकार आर्थर शर्क्लिफ यांच्या आराखड्यानुसार उद्यान रुंदावले. काठ असा सर्वांचा झाला, तरी पाण्यावर उतरण्यासाठी लागणारी होडी मात्र सधनांकडे आणि खाजगी क्लबांकडेच होती.

स्थापना : जवळच्या वेस्ट एंड या दाट स्थलांतरित वस्तीतील मुलांना होड्या बांधायला आणि चालवायला शिकवण्याचे काम जोसेफ ली (धाकटे) यांनी १९३६ मध्ये सुरू केले. त्यांचे वडील जोसेफ ली हे अमेरिकेतील सार्वजनिक क्रीडांगण चळवळीचे अग्रणी. मुलांना खेळायला मैदान हवे, हा वडिलांचा विचार मुलाने नदीला लावला. १९४१ मध्ये नौकागृह उभे राहिले आणि १९४६ मध्ये ‘कम्युनिटी बोटिंग’ ही ना-नफा संस्था नोंदवली गेली. वास्तू शासनाची आणि कारभार संस्थेचा, अशी ही व्यवस्था आहे.

कार्यपद्धती : सर्वांसाठी नौकानयन हे संस्थेचे ब्रीद आहे. मुलांना सदस्य होण्यासाठी पोहता येणे आवश्यक असते. त्यांचे उन्हाळी शुल्क अनेक वर्षे अवघा एक डॉलर होते. मर्क्युरी ही सुमारे १५ फूट लांबीची, मोठे व लहान अशा दोन शिडांची होडी येथील ओळख बनली आहे. नवख्याला आधी धक्क्यावर गाठी मारणे आणि शीड चढवणे शिकावे लागते. अनुभवी सदस्य हे शिक्षण स्वयंसेवक म्हणून देतात. इमारतींमधून येणारा वारा येथे सारखी दिशा बदलतो. म्हणून वाऱ्याच्या जोरानुसार हिरवा, पिवळा किंवा लाल बावटा चढवला जातो, आणि त्यावरून कोणत्या पात्रतेच्या सदस्याने होडी काढावी हे ठरते. अपंग व्यक्तींसाठी स्वतंत्र उपक्रम असून त्यात विशेष होड्या वापरल्या जातात.

पुढील काळ : हेलन स्टॉरो यांचा नदीकाठच्या महामार्गाला विरोध होता. त्यांच्या मृत्यूनंतर (१९४४) तो महामार्ग झालाच आणि १९५१ मध्ये त्याला जेम्स स्टॉरो यांचेच नाव दिले गेले. नौकागृह आणि शहर यांच्यामध्ये तेव्हापासून वाहनांचा प्रवाह आहे. पादचारी पुलावरून काठावर जावे लागते. नव्या पादचारी पुलाची भर २०१८ मध्ये पडली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नागरी पुनर्विकासाच्या नावाखाली वेस्ट एंड वस्ती पाडली गेली. ज्या मुलांसाठी हे काम सुरू झाले त्यांची घरे गेली, परंतु नौकागृह टिकले.

नदीचे प्रदूषणही दीर्घकाळ गंभीर होते. १९९५ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने तिच्या पाण्याला ‘डी’ श्रेणी दिली. सांडपाण्याच्या वाहिन्या सुधारल्यावर श्रेणी ‘बी’ आणि ‘ए’ यांच्या घरात पोहोचली, आणि २०११ मध्ये नदीच्या पुनरुज्जीवनाला आंतरराष्ट्रीय रिव्हरप्राइझ हा सन्मान मिळाला.

मूल्यमापन : शहराची नदी स्वच्छ करणे आणि तिचा काठ सुशोभित करणे पुरेसे नसते, सामान्य माणसाच्या हाती सुकाणू आले तरच ती खऱ्या अर्थाने सार्वजनिक होते. हे नौकागृह आठ दशकांहून अधिक काळ ते काम करीत आहे.