हिवतापाची खूण शोधताना

हिवतापाचा इतिहास म्हटला की सिकंदराबाद, रोनाल्ड रॉस आणि १८९७ सालचा तो डास आठवतो. पण त्याच्या १७ वर्षे आधीच दुसरा एक प्रश्न पुढे आला होता. रोग्याच्या रक्तात पाहायचे काय?

फ्रेंच लष्करी डॉक्टर आल्फोन्स लाव्हराँ यांनी ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातील कॉन्स्टंटिन येथे एका तापकरी सैनिकाचे ताजे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्यात रंग वगैरे काही घातलेला नव्हता. काळसर कण असलेल्या एका गोलाला दोरे फुटले आणि ते वळवळू लागले. त्यावरून हा सजीव आहे, हे त्यांनी ताडले. पुष्कळांना ते पटले नाही. त्यांच्या मते त्या बिघडलेल्या लाल पेशीच होत्या. आक्षेप अगदीच वावगा नव्हता. वळवळ थांबली की बिनरंगी परजीवी ओळखणे कठीणच!

ही अडचण रंगाने दूर केली. रशियातील दिमित्री रोमानोव्स्की यांनी १८९१ मध्ये मेथिलीन ब्लू आणि इओसिन एकत्र वापरले. परजीवीचे केंद्रक तांबडे-जांभळे आणि बाकीचा देह निळा दिसू लागला. आपल्या प्रयोगशाळांतले लीशमन आणि गिम्सा हे रंग याच घराण्यातले.

जाड थेंबाची युक्ती रॉस यांनी १९०३ मध्ये मांडली. थेंब जाड ठेवायचा, पाण्याने लाल पेशी फोडायच्या, म्हणजे थोडक्या जागेत पुष्कळ रक्त पाहून होते आणि मोजके परजीवीही सापडतात. मात्र पेशीच उरत नाहीत, मग जात ओळखणे अवघड. व्हायवॅक्स आपली पेशी फुगवतो, फॅल्सिपेरम फुगवत नाही; हा फरक पातळ थरातच नीट दिसतो. फॅल्सिपेरम जिवावर बेतू शकतो, व्हायवॅक्स यकृतात दडून पुन्हा उलटतो, औषधयोजना वेगळी. म्हणून एकाच काचेवर जाड आणि पातळ दोन्ही घेतात.

१९९० च्या दशकात पट्टीची चाचणी आली. गडचिरोलीच्या जंगलातल्या पाड्यावर, वीज नसतानाही, पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळते. हे मोठेच काम. पण पट्टी परजीवी पाहत नाही, त्याने रक्तात सोडलेले प्रथिन पाहते. फॅल्सिपेरमसाठी हे प्रथिन बहुधा एचआरपी-२ असते. रोगी बरा झाल्यावरही ते काही आठवडे रक्तात राहते, म्हणजे पट्टी जुन्याच तापाची साक्ष देऊ शकते. याच्या उलट प्रकार अधिक धोक्याचा. या प्रथिनाचे जनुकच नसलेले परजीवी पेरूमध्ये सापडल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे भारतातही असे नमुने आढळले. एरिट्रियाला तर २०१६ मध्ये चाचणीच बदलावी लागली. पीसीआर यंत्र अगदी थोडे परजीवीही पकडते, पण त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळा हवी आणि वेळही.

तापाने फणफणलेल्या अशा रोग्याची पट्टी कोरी येते आणि तो औषधाविना घरी जातो. त्याच्याच रक्ताच्या काचपट्टीवर मात्र लाल ठिपक्याची निळी कडी दिसत असतात.