पाच रात्रींची मुदत

श्रोतेहो, कौरव-पांडवांचे युद्ध टळले असते तर? हा प्रश्न एका जुन्या संस्कृत नाटकाने घेतला आणि त्याचे उत्तरही दिले. केरळात सापडलेली जुनी नाटके त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्रींनी १९१२ पासून छापून काढली. भासाच्या नावावर मोडणारी ही तेरा नाटके. त्यांतलेच एक ‘पंचरात्र’.

यज्ञ संपतो. दुर्योधन गुरुदक्षिणा विचारतो. द्रोण मागतात, पांडवांना अर्धे राज्य. शकुनी अट घालतो, पाच रात्रींत पांडवांचा पत्ता लागला तरच! पुढे विराटाच्या गाई हरण करायला गेलेले कौरव हरतात, आणि अर्जुनाचे नाव कोरलेला बाण हाती येतो. शकुनी तरीही फाटे फोडतो. दुर्योधन मात्र शब्द पाळतो. राज्य वाटले जाते. कुरुक्षेत्र घडतच नाही.

शिक्षकबंधूंनो, हा शेवटचा प्रवेश नववी-दहावीच्या मुलांकडून करवून घ्या. मग भूमिका बदला. द्रोण झालेल्याला शकुनी करा. आधी तो कुरकुरेल, मग शकुनीच्या बाजूनेही बोलायला शिकेल. त्यानंतर विचारा, द्रोणांनी हे राज्य दक्षिणा म्हणूनच का मागितले? दुर्योधनाला ते हरून नव्हे, दाता म्हणून देता यावे, हे मुलेच सांगतील.

बांधाच्या भांडणात तरी काय असते? हातभर जमीन सोडणे जड नसते. चारचौघांत मान खाली घालणे जड असते. तंटा मिटवणाऱ्याने देणाऱ्याची मान ताठ राहील अशी वाट आधी शोधावी.